सोमवारी अकरा वाजता रे महाराजा

बाबल घाडी हा भेंडखोल ग्रामपंचायतीचा शिपाई. सव्वीस वर्षं शिपाई. एवढ्या काळात सहा सरपंच होऊन गेले. ग्रामसेवक, म्हणजे आमच्याकडचे भाऊसाहेब, किती आले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, कारण त्यातले निम्मे बदलीचा अर्ज खिशात घेऊनच हजर व्हायचे. बाबल मात्र जिथल्या तिथे. नळाचं पाणी सोडायचं त्याने, घरपट्टीची बिलं वाटायची त्याने, गुरांच्या लसीकरणाला गुरं आणि डोळे तपासणीला म्हातारे गोळा करायचे त्याने. पंचायतीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, नाही असं नाही. पण त्यावर रोज शंभर फुलं आणि पन्नास सुप्रभात येतात, आणि त्या बागेत पंचायतीची नोटीस शोधण्यापेक्षा रानात हरवलेली म्हैस शोधणं सोपं. म्हणून बाबल स्कूटरला भोंगा बांधून वाडीवाडीतून फिरतो. त्याशिवाय भेंडखोलात काही कळत नाही.

बाबलची दुसरी नोकरी देवाची. घाडी घराण्यातला असल्यामुळे गावाच्या वतीने देव रवळनाथाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली विनंती. घाड्याने एकेक मागणं म्हणायचं आणि जमलेल्या गावाने प्रत्येक मागण्याला 'होय महाराजा!' म्हणून दुजोरा द्यायचा.

आता माणूस एक, गळा एक, तर ठेके दोन कुठून आणणार? बाबल नोटीस वाचायचा तीही गाऱ्हाण्याच्याच चालीवर. "उद्या सकाळी धा वाजता शाळेत डोळे तपासणीचा शिबिर आसा, चष्मे फुकट मिळतले, तेचो सगळ्यांनी लाभ घेवचो..." एवढं म्हणेपर्यंत कुठल्यातरी जास्वंदीच्या कुंपणामागून आरोळी यायची, "होय महाराजा!" यात चेष्टा कमी आणि सवय जास्त. आमच्याकडच्या माणसाच्या कानावर तो ठेका पडला की डोकं विचार करायच्या आत तोंड मोकळं होतं. मागे पाणीपट्टी वाढल्याची नोटीस त्याने भोंग्यावरून वाचली तेव्हा अख्ख्या वरच्या वाडीने ती होय महाराजा म्हणून मंजूर केली, आणि मग आठवडाभर सगळे सरपंचाच्या नावाने बोटं मोडत होते.

असा हा गमतीदार माणूस, पण गेली दोन वर्षं त्याच्या मनाला एक काटा टोचत होता. त्या काट्याचं नाव आनंदीकाकी.

आनंदीकाकी सत्तरीची. नवरा केव्हाच गेला, एकुलती लेक कुणकेश्वरला दिलेली. तिचं घर मातीचं, आणि त्या घराची पश्चिमेची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी रात्रीत बसली. तेव्हापासून पावसाचे चार महिने ती बाबलच्या पडवीत निजते आणि गणपतीनंतर आपल्या घरी परत जाते. सरकारी घरकुलासाठी तिचं नाव दोनदा आलं आणि दोनदा गळलं. पहिल्यांदा घर मेलेल्या सासूच्या नावावर निघालं. ते कागद भाऊसाहेबांच्या पाया पडून बाबलने सरळ केले. दुसऱ्यांदा पाहणीला साहेब येणार होते, तशी लेखी नोटीस काकीला द्यायला बाबलकडे दिली होती. ती त्याने पिशवीत टाकली आणि पिशवी घेऊन तो महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेला गेला. काकीही लेकीकडे जत्रेलाच आलेली. दोघांची तिथे भेट झाली, गोड खाजं खाल्लं, समुद्रावर बसून गप्पागजाली झाल्या. नोटीस पिशवीतच. साहेब आले, घराला कुलूप बघून 'लाभार्थी गैरहजर' लिहून निघून गेले.

बाबल ते तिला सांगायला गेला तेव्हा त्याला वाटलं, ही आता चार शिव्या देईल आणि आपण सुटू. काकी म्हणाली, "जावंदे रे. तू तरी काय करतलंस, देवाक गेल्लंस." झालं. शिवी दिली असती तर बाबल विसरला असता. हे काही त्याला विसरता येईना. पडवीत तिचं खोकणं ऐकू आलं की तो कूस बदलत राही.

यंदा पुन्हा घरकुलाचा सर्वे निघाला. आता पद्धत बदललेली. तालुक्याहून एक मॅडम मोबाईल घेऊन येणार, माणसाला त्याच्या घरापुढे उभं करून फोटो काढणार, आणि तो फोटो जागेच्या खुणेसकट तिथल्या तिथे सरकारात जमा. गावाला घरकुलं मिळणार सात. यादी बंद होणार सोमवारी पाच वाजता.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात देवाने भेंडखोलला गावपळणीचा कौल दिला.

गावपळण म्हणजे दर तीन वर्षांनी अख्ख्या गावाने तीन दिवस, तीन रात्री गाव मोकळा करून शिवेबाहेर राहायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी बाहेर. त्या तीन दिवसांत गाव देवाचा. कोणी पाऊल आत टाकायचं नाही, मग तो कलेक्टर का असेना. लोक वहाळाच्या पाण्यापलीकडच्या माळावर नारळाच्या झावळ्यांचे झाप उभारतात आणि तिथे राहतात. राहतात म्हणजे काय, मजा करतात. मुंबईची मंडळी मुद्दाम रजा टाकून येतात. कोंबडी-वड्यांचा वास तीन मैलांवर जातो. पत्ते, भजनं, क्रिकेट. यंदा सर्वेशने तर जनरेटर आणला होता. सर्वेश हा पंचायतीचा सदस्य, किनाऱ्यालगत सहा खोल्यांचं एसी होमस्टे चालवणारा, आणि स्वतःचा फायदा दुसऱ्याच्या आधी दिसायची दैवी दृष्टी लाभलेला तरुण.

सर्वेवाल्या मॅडमना बाबलने फोन लावला. "मॅडम, गाव बंद आसा. सोमवारी सकाळी येवा."

ऑफिसच्या माणसाशी बोलताना बाबल एरवी शुद्ध बोलायचा, पण घाबरला की त्याची भाषा घरी जायची.

"काका, सोमवारी माझी दुसरी तीन गावं आहेत," पलीकडून आवाज आला. "मी शुक्रवारी येतेय. गाव बंद म्हणजे काय? संप आहे का?"

सलोनी मॅडम घाटावरच्या, महिन्याभरापूर्वीच कंत्राटावर लागलेल्या. देव गाव मागून घेतो हे त्यांना फोनवर समजावणं बाबलच्या आवाक्याबाहेरचं होतं. मग त्याने एक युक्ती केली. नसती युक्ती. शुक्रवारी दुपारी मॅडम आल्या तसं त्यांना त्याने थेट आनंदीकाकीच्या झापापुढे नेलं. काकीला उभी केली, फोटो काढला, मोबाईलने जागा मान्य केली, कारण शीव काही लांब नव्हती. बाबलला वाटलं, मॅडमनी फोटो झापाचा काढला काय आणि पडक्या भिंतीचा काढला काय, गरिबी खरीच आहे. तेवढ्यात शेजारच्या गावातून पाण्याचा टँकर आणायची वेळ झाली. "मॅडम, येतंय हां," म्हणून तो गेला.

तो दीड तासाने परत आला तेव्हा माळावर मतदानाला लागते तशी रांग होती. प्रत्येक झापापुढे एकेक कुटुंब चेहरे पाडून उभं, आणि मॅडम फोटो काढून काढून घामाघूम झालेल्या. सर्वेशने आपली गाडी झावळ्यांनी झाकून तिचा गोठा केला होता आणि अंगातला टीशर्ट काढून बापाचा फाटका गंजीफ्रॉक चढवला होता.

"सर्वेश, मेल्या, ह्या काय?"

"बाबलदादा, मॅडमांनी इचारलां, सध्या खंय रवतास? मी सांगलंय, हंय रवतंय. ह्याच्यात खोटा काय तां सांग."

पहिला फोटो बाबलनेच काढून घेतला होता. आपणच फाटक उघडायचं आणि मग गुरं बागेत शिरली म्हणून ओरडायचं, त्याला काय अर्थ? रांगेच्या शेवटी त्याला त्याची बायको दिसली. नर्मदा. फोटो काढून झालेला, तोंडावर समाधान.

"तुका काय झाला गो? आपला घर चिऱ्यांचा आसा!"

"न्हाणी गळता," नर्मदा म्हणाली.

"न्हाणी गळता म्हणान घरकुल?"

"सव्वीस वर्सां सांगतंय तुका, न्हाणी गळता. सरकाराक तरी सांगून बघूया म्हटलंय."

मॅडम निघाल्या तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले होते. "काका, मी सात गावं केली," त्या म्हणाल्या, "पण एवढी गरिबी कुठे बघितली नाही हो. सगळं गावच झोपड्यांत! मला एकच कळत नाही, यांच्याकडे जनरेटर कसा?"

बाबलने मग त्यांना टँकरच्या सावलीत बसवून सगळं सांगितलं. गावपळण, देव, शीव, सर्वेशचं होमस्टे. मॅडमचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. त्रेसष्ट फोटो झाले होते. खरे गरजू त्यात पाच, तेही मोजून.

"मला इथून एकही नाव काढता येत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याचं नाव त्याने स्वतः पंचायतीत यायचं, आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची आणि मला घर नको म्हणून सही करायची. सोमवारी पाचच्या आत. नाहीतर सगळे अर्ज सारखेच दिसणार, मशीन त्यातले कुठलेही सात उचलेल. आणि चौकशी लागली तर सगळीच यादी रद्द."

म्हणजे आनंदीकाकीचं नाव तिसऱ्यांदा जाणार, आणि पुन्हा बाबलच्याच हातून.

शनिवारभर तो झापाझापातून फिरला. हात जोडले, समजावलं. लोकांनी त्याला चहा दिला, तळलेला बांगडा दिला, एकाने कोंबडीची तंगडीही दिली. सही द्यायला मात्र कोणी तयार नाही. "सगळे काढतले तर मी पण काढतंय," असं प्रत्येक जण म्हणाला. सगळ्यांच्या आधी कोणीतरी एक लागतो, आणि तो एक त्रेसष्ट झापांत कुठे सापडेना. आनंदीकाकी आपल्या झापात भाकरी भाजत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "यंदा होतला मां रे बाबल?" तिने विचारलं. बाबलने तोंडात घास असल्याचं निमित्त केलं.

रविवारी सकाळी परत जायचा कौल घ्यायचा होता. शिवेवर राखणदाराचा काळा पाषाण आहे. तो धुऊन त्यावर ओल्या पाकळ्या दोन बाजूंना चिकटवतात. आधी घाड्याने गाऱ्हाणं घालायचं, मग वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, गाव आत जायला मोकळा. तोपर्यंत कोणी हलायचं नाही. सगळा गाव बोचकी बांधून, गुरं सोडून, कोंबड्या काखेत घेऊन उभा होता. मुंबईवाल्यांना दुपारची गाडी पकडायची होती, त्यामुळे ते तर एका पायावर.

घाड्याच्या घरात एक नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. गाऱ्हाणं गावाचं, त्यात घाड्याने आपलं काही घुसडायचं नाही. बाबलच्या बापाने मरतानासुद्धा स्वतःच्या दम्यासाठी कधी शब्द टाकला नाही. आज मनात आहे ते आपलं की गावाचं, हे बाबलचं बाबललाच ठरेना. त्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, शिमेवरच्या राखणदारा महाराजा!"

"होय महाराजा!"

"आज तीन दिस, तीन राती तुझी लेकरां शिमेभायर रवली, गाव तुझ्या हवाली केल्यानी रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"गुरांढोरां, म्हातारी-पोरां सगळी तू सुखरूप राखलंस. काय चुकला माकला असात तां पोटात घी रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि ज्यांची गावात चिऱ्याची, स्लॅबाची घरां आसत, आणि तरीपण ज्यांनी झापाफुडे उभ्यान घरकुलाचो फोटो काढून घेतलो, त्येंका तू बुद्धी दी रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि त्येंनी सोमवारी अकरा वाजता, आधार कार्डाची झेरॉक्स घेवन, पंचायतीत येवन, आपापला नाव स्वखुशीन काढून टाकूचा रे महाराजा!"

"होय महाराजा!"

तीनशे माणसांचा आवाज. पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. सगळ्यात मोठा आवाज नर्मदेचा होता, कारण तिचा गळा गावात नावाजलेला. आणि मग, वाऱ्याने भात डोलावं तशी माणसांची डोकी एकमेकांकडे वळली. आपण काय बोललो ते आत्ता कुठे मंडळींच्या डोक्यात उतरलं. पण बोलले कोणापुढे? सरपंचापुढे नव्हे, की दुसऱ्या दिवशी तोंड फिरवता येईल.

"बाबल्या," सर्वेश दातओठ खात म्हणाला, "ह्या गाऱ्हाणा काय नोटीस?"

बाबल पाषाणाकडे बघत होता. पाकळी पडेना.

एरवी दोन-चार मिनिटांत पडते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ऊन चढलं. काखेतल्या कोंबड्या कुरकुरू लागल्या. बाबलच्या पाठीवरून घामाची धार लागली. नियम मोडला, देव कोपला, आता तीनशे माणसं या माळावर माझ्यामुळे अडकली, असंच त्याला वाटत होतं. गाव मात्र भलताच अर्थ लावत होता. देव थांबलाय, देव एकेकाच्या तोंडाकडे बघतोय. कोणीतरी मागून पुटपुटलं, "माझा नाव काढतंय बाबा." मग दुसरा म्हणाला. मग बायकांत कुजबूज सुरू झाली. मुंबईच्या एका पाहुण्याने घड्याळ बघत सांगितलं, "अरे, ज्याने ज्याने काढलाय त्याने बोलून टाका ना, माझी गाडी आहे!" शेवटी सगळ्यांच्या नजरा सर्वेशवर येऊन थांबल्या. त्याचा गंजीफ्रॉक भिजून अंगाला चिकटला होता.

"काढतंय! काढतंय माझा पण!" सर्वेश ओरडला.

उजवी पाकळी टपकन खाली आली.

ओल्या पाकळीला ऊन लागलं की ती सुकते आणि पडते, असं आमचे भाऊसाहेब नंतर म्हणाले. असेल. पण ते वाक्य त्यांनी गावात मोठ्याने म्हटलं नाही, माझ्या कानात म्हटलं.

सोमवारी अकराच्या आधीच पंचायतीपुढे रांग लागली. झेरॉक्सच्या दुकानात कागद संपला. सही करताना लोक एकमेकांना ऐकू जाईल असं सांगत होते, की आपण मुळात काढणारच होतो, फक्त सोमवारची वाट बघत होतो. नर्मदेने सही केली, पेन टेबलावर आपटलं आणि नवऱ्याला विचारलं, "आता माझ्या न्हाणीचा गाऱ्हाणा मी खंय घालू?" बाबलने खाली मान घालून तिला पावती दिली. एक वाजेपर्यंत अठ्ठावन्न नावं निघाली. उरली पाच, आणि घरकुलं सात. बाबलला सव्वीस वर्षांत प्रथमच आपली नोकरी आवडली.

तेवढ्यात त्याचं लक्ष पायरीकडे गेलं. आनंदीकाकी बसली होती. सकाळी नऊपासून बसलीय, असं कोणीतरी सांगितलं. गर्दी ओसरेपर्यंत थांबली होती, म्हाताऱ्या माणसाने कशाला मध्ये घुसायचं म्हणून. हातात आधार कार्डाची झेरॉक्स.

"माझा पण नाव काढ," ती म्हणाली.

"काकी! तुझा कित्या? तां तुझ्यासाठीच..." बाबलने जीभ चावली. "तां स्लॅबवाल्यांसाठी होता गो."

"मी पण झापाफुडे उभ्यान फोटो काढलंय. मी पण होय महाराजा म्हटलंय."

"पण तुका घराची गरज आसा!"

"गरज आसा म्हणान देवाक फसवू? तो झाप माझो घर नाय. तू सांगलंस म्हणान उभी रवलंय मी."

तिने कागद पुढे केला. बाबलने तो घेतला नाही. भाऊसाहेबांनी घेतला नाही. म्हातारी कागद धरून उभीच, आणि बाबलला आयुष्यात पहिल्यांदा देवाचा राग आला. मग स्वतःचा आला. आपल्या शहाणपणाचा फास फिरून फिरून हिच्याच गळ्यात पडतो, असं त्याला झालं. त्याने पळत जाऊन मॅडमना फोन लावला आणि यावेळी एका दमात, काही न लपवता सगळं सांगितलं.

"नाव मला काढता येत नाही, पण त्या स्वतः घरापुढे उभ्या राहिल्या तर फोटो बदलता येतो की," सलोनी मॅडम म्हणाल्या. "त्यांना थांबवून ठेवा. मी तिसरं गाव सोडून येते."

बाबलने येऊन सांगितलं, तसं काकीला ते पटलं. "आता माझ्या घराफुडे काढा," ती म्हणाली, आणि पुढची तयारी करायला म्हणून लगबगीने घरी निघून गेली.

तीन वाजता मॅडम, बाबल आणि भाऊसाहेब तिच्या दारात पोचले. अंगण ताजं सारवलेलं, तुळशीपुढे रांगोळी. आणि पश्चिमेची भिंत जिथे बसली होती त्या भगदाडावर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, लेकीच्या लग्नातली जरीकाठाची अंजिरी साडी ताणून बांधलेली. दोन्ही टोकांना सुंभाच्या पक्क्या गाठी. घर लग्नघरासारखं दिसत होतं.

"काकी, ही काढूक होयी गो."

"नको रे बाबल. भायरचा माणूस इला. फोटो खंय खंय जातलो." ती हळू आवाजात म्हणाली, "लाज दिसता."

बाबलने गाठी सोडल्या आणि साडी हातावर घेतली. भगदाडातून आतली चूल दिसू लागली. काकी जाऊन भगदाडापुढे उभी राहिली. "आजी, थोडं बाजूला," मॅडम म्हणाल्या. काकी सरकली, आणि मोबाईल वर होताच पुन्हा आडवी आली. असं तीनदा झालं. शेवटी बाबलने तिचा दंड धरला, तिला दोन पावलं बाजूला घेतली आणि फोटो होईपर्यंत सोडली नाही.

"झाला. आजी, आता तुमचं घर नक्की," मॅडम म्हणाल्या. "काही काळजी करू नका."

काकीने मान हलवली. तिचं ऐकण्यात लक्ष नव्हतं. ती बाबलच्या हातातल्या साडीकडे बघत होती.

"आता झाकू काय रे?"